चार क्विंटलवर अडलेली रब्बी ज्वारी

प्रश्न करमाळा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. सात एकर जिरायत, निम्मी काळी, निम्मी मुरमाड. वडील वर्षानुवर्षं घरचीच मालदांडी, म्हणजे ज्वारीचा जुना वाण, पेरतात आणि एकरी चार क्विंटलच्या पुढे उतारा जात नाही. सुधारित वाणांचे एकरी दहा-अकरा क्विंटलचे आकडे त्याने वाचले आहेत. त्याचं विचारणं असं: बियाणं बदलावं, की ज्वारीच सोडून द्यावी? आणि नवे वाण एवढे चांगले असतील तर आजूबाजूचे सगळे अजून मालदांडीलाच का धरून आहेत?

माझी सगळी नोकरी कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या प्रयोगांत आणि शेतकऱ्यांच्या बांधावर गेली. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगतो, मग कारणं. ज्वारी सोडू नका. बियाणं बदला, पण दोन्ही जमिनींत एकच वाण पेरू नका. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, तुमचं पीक ऑक्टोबरमध्ये पेरलं जात असलं तरी त्याचा उतारा जून ते सप्टेंबर या काळात ठरतो. त्या महिन्यांत रान मोकळं असतं म्हणून आपलं तिकडे लक्ष नसतं. तुमचे राहिलेले क्विंटल बहुतेक तिथेच अडले आहेत.

हे पीक पावसावर येत नाही, मुरलेल्या ओलीवर येतं. सोलापूर भागात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला सगळ्यात भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. म्हणून तर आपल्याकडे खरीप बेभरवशाचा आणि रब्बी हक्काचा. ज्वारी उगवल्यानंतर आभाळातून फारसं काही मिळत नाही. मधे एखादा अवकाळी आला तर आला. एक मीटर खोलीची काळी जमीन पिकाला घेता येईल असं साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. वीतभर मातीखाली मुरूम लागणारं रान त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपासच धरतं. म्हणजे तुमच्या सात एकरांत खरं तर दोन वेगळी शेतं आहेत. मुरमाड रानातल्या ज्वारीचं पाणी पोटरीतच, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीच संपतं, काळीतल्या ज्वारीचं दाणे भरेपर्यंत पुरतं. दोन्हीकडे १२० दिवसांची मालदांडी पेरली की सरासरी खाली येणारच.

म्हणून पहिलं काम खोली पाहण्याचं. मे महिन्यात दोन्ही तुकड्यांत तीन-चार ठिकाणी खड्डे घ्या आणि मुरूम किती खाली लागतो ते मोजा. विहिरीच्या कडेवरून अंदाज बांधू नका. एकाच रानात वरच्या अंगाला एक फूट आणि तालीच्या, म्हणजे बांधाच्या पोटाला चार फूट माती असते. मोजलेली खोली वहीत लिहून ठेवा, वाण तिच्यावरून ठरवायचा आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीच्या वाणांची शिफारस जमिनीच्या खोलीप्रमाणेच केली आहे. माझ्या मते आपल्या भागात गेल्या काही दशकांत झालेलं ज्वारीवरचं हे सगळ्यात उपयोगी काम. फूटभर खोलीच्या हलक्या रानासाठी फुले अनुराधा. तो १०५ ते ११० दिवसांत येतो, म्हणजे पाणी संपायच्या आत दाणा भरून मोकळा होतो. दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, फुले माउली, आणि हो, मालदांडीसुद्धा. त्याहून खोल काळ्या रानासाठी फुले वसुधा किंवा परभणीच्या विद्यापीठाचा परभणी मोती. फुले रेवती बागायतीसाठी आहे. जिरायत रानात ती पेरून ‘आकड्याप्रमाणे आली नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

आता तुम्ही वाचलेल्या आकड्यांविषयी. फुले वसुधाचं कोरडवाहू उत्पादन हेक्टरी २५ ते २८ क्विंटल सांगतात. एकरी दहा-अकरा होतात, तुमचा आकडा बरोबर आहे. पण तो भारी जमिनीचा आहे. फुले अनुराधाचा अपेक्षित उतारा हेक्टरी आठ ते दहा क्विंटल, म्हणजे एकरी तीन-चार. तुमच्या मुरमाड रानात आज चार क्विंटल होत असतील तर तिथे वडिलांनी काही गमावलेलं नाही. सुधारित वाणाने तिथे फार मोठी उडी येणार नाही. पाऊस कमी झाला त्या वर्षीही काहीतरी हाती लागेल, हाच तिथला फायदा. खरी वाढ काळ्या तुकड्यात आहे. तिथेही चारच होत असतील, तर मात्र गणित तपासायला हवं.

ते गणित सोपं आहे आणि प्रत्येकाने आपल्या रानात करावं. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन ताटांत, म्हणजे ज्वारीच्या दोन रोपांत १५ सेंटिमीटर धरले तर एकरात साधारण साठ हजार ताटं बसतात. चार क्विंटल म्हणजे ४०० किलो. साठ हजारांनी भागलं तर एका ताटामागे सात ग्रॅमसुद्धा दाणे येत नाहीत. मालदांडीच्या हजार दाण्यांचं वजन ३५ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे कणसात जेमतेम दोनशे दाणे. तुमच्या काळ्या रानातलं एखादं कणीस चोळून मोजा, दोनशेच्या किती तरी पट दाणे निघतील. मग चारच क्विंटल का? कारण साठ हजार ताटं रानात नसतातच. पोंगेमरीने, म्हणजे मधला कोवळा शेंडा मरून गेलेली, वर पडलेलं बी उगवलंच नाही म्हणून राहिलेली, एका जागी चार आणि पुढे दोन हात मोकळं, अशी ती वाटून गेलेली असतात. पेरणीनंतर महिनाभराने ओळीवर सव्वादोन मीटरची काठी ठेवून ताटं मोजा. पंधराच्या जवळ असतील तर ठीक. आठ-नऊ असतील तर वाण कोणताही असो, उतारा तिथेच कापला गेला. बियाण्याच्या पिशवीवर पैसे घालण्याआधी एक हंगाम हे मोजून बघाच, असं मी कळकळीने सांगतो. वाणाचं नाव सगळ्यांना आठवतं, ताटांची संख्या कोणी सांगू शकत नाही.

आता पावसाळ्यातल्या त्या मोकळ्या महिन्यांकडे येतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्या पावसांनी रान कुळवून झालं की उतार बघून दहा बाय दहा मीटरचे वाफे पाडा. सारा यंत्राने किंवा बळीराम नांगराने हे काम होतं. पडलेला पाऊस त्या वाफ्यात थांबतो आणि जागच्या जागी मुरतो. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाफे तसेच राहू द्यायचे आणि पेरणीच्या आधी कुळवाने मोडायचे. विद्यापीठाच्या प्रयोगांत एवढ्या एका कामाने ज्वारीच्या उत्पादनात तीस ते पस्तीस टक्के वाढ मिळाली आहे. यात न पटण्यासारखं काही नाही. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. वाहून जाणारं पंचवीस मिलिमीटर जरी रानात जिरवलं तरी एकराला एक लाख लिटर झालं. दहा हजार लिटरचे दहा टँकर भरून आणायला काय लागेल त्याचा हिशोब करा, म्हणजे वाफे पाडायला लागणारा ट्रॅक्टरचा खर्च जड वाटणार नाही.

आपल्या भागाला हे ज्ञान नवं नाही. १९३३ पासून सोलापूर आणि विजापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. ना. वि. कानिटकरांसारख्या माणसांनी बांधबंदिस्ती, अंतर राखून पातळ पेरणी, वरचेवर कोळपणी (दोन ओळींमधली माती कोळप्याने हलवणं) या गोष्टी तेव्हाच सांगून ठेवल्या होत्या. मात्र त्या काळात त्यातून मिळणारी वाढ थोडी असे, कारण त्या ओलीचं सोनं करणारे वाण आणि खतं हाताशी नव्हती. आज उलटं झालं आहे. वाण आहेत, खतं आहेत, आणि ओल मुरवण्याचं काम मागे पडलं. बैल गेले, कुळव-पाभर गेली, ट्रॅक्टरवाला उताराकडे न बघता त्याला सोयीच्या दिशेने रान ओढून जातो. उताराला आडवी मशागत करून घ्या. त्यासाठी ट्रॅक्टरवाल्याशी वाद घालावा लागला तरी घाला.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, म्हणजे उत्तरा ते हस्त. आपली जुनी माणसं हस्ताच्या पावसाची वाट बघतात आणि भारी जमिनीत ते बरोबरच आहे. मुरमाड रानात मात्र ओल थांबत नाही. तिथे उत्तराचा पाऊस होऊन वापसा आला की पेरून टाकावं. पेरायच्या दिवशी एक काम करा. अर्धा इंच जाडीची लोखंडी सळई रानात ठिकठिकाणी हाताने दाबा. ओल जिथवर गेली आहे तिथवर ती सरळ उतरते आणि कोरड लागली की अडते. काळ्या रानात ती दोन फुटांवरच अडत असेल, तर त्या वर्षी वसुधाचा हट्ट सोडून लवकर येणारा वाण घ्यावा आणि ताटंही थोडी विरळ ठेवावीत. पावसाचं वर्ष कसं गेलं यावरून दरवर्षी निर्णय बदलला पाहिजे. ‘आमच्याकडे हेच पेरतात’ या सवयीने कोरडवाहू शेती होत नाही.

बियाणं एकरी चार किलो पुरे. त्यात एक लाखाच्या वर दाणे येतात, म्हणजे गरजेच्या जवळजवळ दुप्पट. तरीही लोक सहा-सात किलो पेरतात, कारण उगवणीचा भरवसा नसतो. तो भरवसा बीजप्रक्रियेने येतो. काणी रोगासाठी ३०० मेश गंधक किलोला चार ग्रॅम चोळा. खोडमाशीसाठी थायामेथॉक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिड बियाण्याला लावा, मात्रा डब्याच्या लेबलवर बघून. ही माशी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लांबट अंडी घालते आणि अळी थेट पोंग्यात शिरते. पोंगा ओढला तर हातात येतो आणि बुडाशी कुजका वास येतो. हे सगळं पहिल्या महिन्याच्या आत घडतं आणि पीक गुडघ्याएवढं झाल्यावर फवारून काही उपयोग नसतो. ताटं कमी भरण्याचं सगळ्यात मोठं कारण हीच माशी आहे, आणि तिच्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय पेरणीच्या आदल्या दिवशी घरीच होतो.

पेरताना दोन चाड्यांची, म्हणजे बी आणि खत वेगवेगळं सोडणारी पाभर किंवा तशीच सोय असलेलं ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र वापरा, म्हणजे खत बियाण्याच्या खाली ओलीत पडतं. मध्यम जमिनीला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद. एकराच्या भाषेत साधारण ३५ किलो युरिया आणि ५० किलोची सिंगल सुपर फॉस्फेटची एक गोणी. खोल काळीला याच्या दीडपट. हलक्या रानाला हेक्टरी २५ किलो नत्र पुरतं. सगळं पेरतानाच द्यायचं. डिसेंबरात कोरड्या मातीवर फेकलेला युरिया पिकाला मिळत नाही. हलक्या रानात जास्त नत्र आणि दाट ताटं, हे दोन्ही खडखड्या रोगाला बोलावणं आहे. दाणे भरायच्या वेळी पाण्याचा ताण पडला आणि ऊन वाढलं की बुंध्यात ही बुरशी वाढते, ताट आतून पोकळ होतं आणि वाऱ्याने आडवं पडतं. धान्यही जातं आणि कडबाही. त्यावर नंतर घालायचं औषध नाही.

विरळणी दहा-बारा दिवसांनी करा. उपटलेली कोवळी रोपं जनावरांना घालू नका. कोवळ्या आणि पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत विषारी द्रव्य असतं, गाय-बैल दगावतात. दर वर्षी कुठे ना कुठे हे घडतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कोळपणीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण हल्ली ती फक्त तणासाठी करतात आणि तणनाशक मारलं की सोडून देतात. रब्बी ज्वारीत कोळपणी ओल राखण्यासाठी असते. पहिली तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासाच्या कोळप्याने, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. अवजार बदलण्यामागे कारण आहे. सुरुवातीला रोपं लहान असतात, फटीच्या कोळप्यात ओळ फटीतून जाते आणि दोन्ही बाजूंची माती हलते. आठव्या आठवड्यापर्यंत काळी माती टणक होऊन तडकायला लागलेली असते. तिथे पास चालत नाही, दातेरीच लागतं. त्याने भेगा मातीने बुजतात. काळ्या रानाची भेग उघडी राहिली की खोलवरची ओल त्या वाटेने उडून जाते आणि मुळंही तुटतात. बैलजोडी नसेल तर हातकोळपं किंवा छोटं पॉवर वीडर चालेल. पण तिसरी कोळपणी चुकवू नका. लोक नेमकी तीच चुकवतात, कारण तोवर रान स्वच्छ दिसत असतं.

विहिरीत थोडं पाणी असेल तर काळ्या तुकड्याला दोन पाणी द्या. एक महिन्याच्या सुमारास आणि दुसरं पोटरीत, पन्नास ते पंचावन्न दिवसांनी. भेगा पडण्याआधी द्या. भेगाळलेल्या रानात पाणी सोडलं तर ते भेगांतच शिरत राहतं आणि सरीच्या शेवटापर्यंत पोचायला दिवस जातो. तुषार संच असेल तर फारच बरं.

लोक मालदांडीलाच का धरून आहेत, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेला हा वाण. त्याचा दाणा मोत्यासारखा टपोरा आणि चमकदार, भाकरी पांढरी, मऊ आणि दुसऱ्या दिवशीही खाता येणारी. कडबा गोड आणि उंच. खरिपात १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला आणि काही वर्षांत पसरला. रब्बीत संकरित वाण तसे रुजले नाहीत. त्यांच्यावर खोडमाशी जास्त येई, थंडीत कणसं नीट भरत नसत आणि दाणा मालदांडीच्या तोडीचा नसे. शेतकरी अडाणी म्हणून नवं घेत नाही, असं त्या काळी बैठकांमध्ये बोललं जायचं. मला ते कधीच पटलं नाही. ज्या घरात दोन म्हशी आणि एक बैलजोडी आहे त्या घराला ज्वारी म्हणजे धान्य आणि वैरण मिळून एक पीक असतं. धान्य थोडं वाढलं आणि ताट बुटकं झालं तर त्या घराचा तोटाच होतो. दुष्काळी वर्षात तर कडब्याच्या पेंढीला धान्यापेक्षा जास्त मान मिळतो. पुढे आलेल्या वसुधा, सुचित्रा, परभणी मोती या वाणांत उंची, कडबा आणि भाकरी या तिन्हींकडे बघून निवड झाली, म्हणून ते शेतात टिकले. तुमच्या वडिलांना हे सांगा. ते मालदांडी का सोडत नाहीत याला कारण आहे, आणि नवे वाण त्याच कारणाला मान देऊन तयार झाले आहेत.

घरचं बियाणं दहा-पंधरा वर्षं तेच असेल तर ते आता शुद्ध मालदांडी राहिलेलं नसणार. शेजारच्या रानातून थोडंफार परागीभवन होतच असतं. एकदा मोहोळच्या संशोधन केंद्रातून, राहुरीहून किंवा महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाकडून पायाभूत नाहीतर प्रमाणित बियाणं आणा. हे सरळ वाण आहेत, संकरित नव्हेत. त्यामुळे दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही, तीन वर्षं घरचं चालतं. फक्त बियाण्याची कणसं रानाच्या मधल्या भागातून, उभ्या पिकात निवडून, वेगळी खुडून ठेवा. खळ्यावरच्या राशीतून उचलू नका.

ज्वारी सोडण्याबद्दल. मका काळ्या तुकड्यात पाण्यावरच येईल. तूर खरिपाची, ती आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसावर अवलंबून. ऊस उजनीच्या पाण्यावर असलेल्यांनी केला तो केला, जिरायत सात एकरांत त्याचा विचारही नको. काळ्या रानात जूनमध्ये चांगला पाऊस झाला तर मूग किंवा उडीद घेऊन त्यावर ज्वारी जमते, साधारण पासष्ट ते सत्तर दिवसांत मूग निघतो. पाऊस उशिरा आला तर तो मोह टाळून वाफेच पाडावेत. ज्वारीच्या कडेने करडईच्या चार ओळी मात्र जरूर घाला. काट्यांमुळे मोकाट जनावरं आत शिरत नाहीत आणि घरापुरतं तेल होतं.

ज्वारीतली खरी अडचण काढणीची आहे आणि तिचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. ताट उपटायला, कणसं मोडायला, पेंढ्या बांधायला माणसं मिळत नाहीत. मिळाली तर मजुरीत धान्याचा मोठा हिस्सा जातो. हे काम बहुतांश बायका करतात आणि फेब्रुवारीच्या उन्हात काळ्या भेगाळ रानातून ताट उपटणं म्हणजे हाताची सालटी निघतात. कापणी यंत्रं आली आहेत, पण उंच ज्वारीला सोयीचं आणि कडबा न मोडणारं, लहान शेतकऱ्याला परवडणारं यंत्र अजून गावोगाव पोचलेलं नाही. क्षेत्र घटण्यामागे रेशनच्या स्वस्त गव्हा-तांदळाचा वाटा आहेच, पण माझ्या मते काढणीचा वाटा त्याहून मोठा आहे. तुमच्याकडे इर्जिक किंवा सावडीची, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून राबायची पद्धत शिल्लक असेल तर ती मोडू देऊ नका. चार-पाच जणांनी मिळून शेजारशेजारच्या रानांत एकाच आठवड्यात पेरलं तर काढणीला टोळी आणि मळणी यंत्र एकत्र बोलावता येतं. पाखरांचाही त्रास वाटला जातो. एकट्याचंच रान आधी हुरड्यात आलं तर सगळ्या शिवारातली पाखरं तिथे उतरतात.

भावाचं म्हणाल तर २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये होता, संकरितपेक्षा पन्नास रुपये जास्त. एवढा फरक दर्जाच्या मानाने काहीच नाही. चांगल्या दाण्याला किंमत मिळते ती थेट खाणाऱ्या घराकडून. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावावर तिथले शेतकरी विकू शकतात. करमाळ्याला ते नाव लावता येणार नाही, पण पुण्यात तुमच्या ओळखीची पंधरा-वीस घरं असतील तर वर्षाची ज्वारी निवडून, वाळवून, तीस किलोच्या पोत्यांत त्यांच्या दारात पोचवता येते. त्यासाठी काढणीनंतर धान्य नीट वाळलेलं हवं, दाताखाली कट् असा आवाज होईपर्यंत.

या वर्षी सातही एकरांत सगळं बदलू नका. काळ्यातला एक एकर वेगळा काढा, त्यात वाफे, फुले वसुधा, बीजप्रक्रिया, मोजून ताटं आणि तिन्ही कोळपण्या करा. शेजारी वडिलांची मालदांडी त्यांच्या पद्धतीने राहू द्या. मुरमाड रानात अर्धा एकर अनुराधा. काढणीला धान्य आणि कडबा दोन्ही वेगवेगळे मोजा. आकडे हातात आले की मला कळवा, सोबत खड्ड्यांची खोली आणि सळई किती उतरली तेही. पुढच्या वर्षाचं नियोजन त्यावरून करू.